परसातल्या झाडांची तहान

दिवाळी सरली आणि जमिनीतली ओल आटू लागली की कोकणातल्या आगरांत शिपण्याचा हंगाम सुरू होई. विहिरीवर रहाट, रहाटाला जुंपलेला बैल किंवा रेडा, पन्हळीतून पाटात पडणारे पाणी आणि पाटाच्या कडेने फिरत एकेका माडाच्या, पोफळीच्या आळ्याचे तोंड उघडणारा-बुजवणारा माणूस. आज विहिरीच्या या अंगाची आळी भरायची, उद्या त्या अंगाची. एकदा आळे भरले की पुन्हा पाळी येईपर्यंत त्या झाडाने थांबायचे. विहिरीचा उपसा आणि जनावराचा दम दोन्ही मोजके असत. त्यामुळे पाणी कुठे द्यायचे, किती द्यायचे आणि कधी थांबायचे, याचा विचार त्या पद्धतीतच मुरलेला होता.

रहाट गेले, पंप आले. परसबागही गावातून शहराच्या कडेला सरकली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांभोवतीच्या बंगल्यांत आणि शेतघरांत दोन-तीन गुंठ्यांच्या जागेत आज एखादा हापूस किंवा केशर, दोन नारळ, एक लिंबू, एक पेरू, चार केळी आणि एखादी पपई हमखास दिसते. तिथे बटण दाबले की पाणी येते. संध्याकाळी घरातले कोणीतरी नळी घेऊन बाहेर पडते आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मिनिटभर धार धरून पुढे जाते. माती काळीभोर दिसू लागते, झाड तृप्त झाल्यासारखे वाटते.

तरीही लिंबाची पाने पिवळी पडतात, आंबा मोहोरत नाही, डाळिंब पिकण्याआधीच तडकते, हिरवीगार पपई एका पावसात माना टाकते. घरोघरी ऐकू येणाऱ्या या तक्रारींत पाण्याची कमतरता क्वचितच कारणीभूत असते. पाणी चुकीच्या जागी, चुकीच्या अंतराने किंवा चुकीच्या ऋतूत पडलेले असते.

बुंधा कोरडा, घेर ओला

मोठ्या झाडाच्या बुंध्यालगत जी मुळे असतात ती जाड आणि लाकडी असतात. त्यांचे काम झाडाला उभे धरण्याचे. पाणी आणि अन्न ओढून घेणारी तंतुमुळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली आणि घेराच्याही थोडी बाहेर पसरलेली असतात. बहुतेक फळझाडांच्या अशा मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या साठ सेंटिमीटरांत सापडतो. दुपारी बाराला झाडाची सावली जिथवर पडते तिथवर पाणी पोचायला हवे, असा सोपा अंदाज धरता येतो.

म्हणूनच आळे दरवर्षी वाढवावे लागते. रोप लावताना केलेले हातभर रुंदीचे आळे पाच वर्षांनीही तसेच राहिले, तर झाडाला पाणी दिल्याचे समाधान मिळते, पण मुळांच्या तोंडाशी पाणी जात नाही. माडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला सोटमूळ नसते. खोडाच्या तळाशी फुटलेल्या हजारो सारख्या जाडीच्या मुळांपैकी कामाची मुळे बहुतांशी दोन मीटरांच्या परिघात असतात, म्हणून माडाचे आळे साधारण १.८ ते २ मीटर त्रिज्येचे पुरते.

लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या बाबतीत बुंधा कोरडा ठेवणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. फायटोफ्थोरा नावाचे बुरशीसारखे सूक्ष्मजीव ओल्या मातीत पाण्याबरोबर फिरतात आणि सतत भिजलेल्या सालीतून आत शिरतात. साल कुजते, खोडातून डिंक गळू लागतो, पाने पिवळी पडतात आणि झाड हळूहळू वाळते. नागपूर-अमरावतीकडचे संत्रा बागायतदार याला डिंक्या म्हणतात. त्यावरचा उपाय दुहेरी आळ्याचा. बुंध्याभोवती हात-दीड हात अंतरावर मातीचा एक वरंबा घालायचा आणि बुंध्याकडे माती थोडी चढती ठेवायची. दुसरा वरंबा घेराच्या कडेला. पाणी या दोन वरंब्यांच्या मधल्या बांगडीतच सोडायचे. परसातल्या एकुलत्या एका लिंबालाही हे अर्ध्या तासाचे काम पुरेसे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर खोडाला हात-दोन हात उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावली की संरक्षण आणखी पक्के होते.

वाफशाची वाट

झाडाची मुळेही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की हवेला जागा उरत नाही आणि मुळे गुदमरतात. पाणी निचरून जाते, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते, ती अवस्था म्हणजे वाफसा. शेतकरी पेरणीसाठी, कोळपणीसाठी वाफशाची वाट पाहतो. परसबागेतल्या झाडालाही तोच हवा असतो. रोज वरवर पाणी दिल्याने दुहेरी नुकसान होते. वरचा थर वाफशावर येण्याआधीच पुन्हा भिजतो आणि खालचा थर कोरडाच राहतो. पाणी वरच मिळत असल्यामुळे मुळेही वरच राहतात, आणि चार दिवस गावाला गेल्यावर तेच झाड सगळ्यात आधी सुकते.

पाणी कमी पडलेले आणि पाणी जास्त झालेले झाड दिसायला सारखेच असते, हा मोठा घोटाळा आहे. दोन्हींत पाने लोंबतात, दोन्हींत पिवळी पडतात. गुदमरलेल्या मुळांना समोरचे पाणीही ओढून घेता येत नाही, त्यामुळे झाड ओल्या मातीत उभे राहून तहानेने मरते. घरातले माणूस ते पाहून आणखी पाणी घालते.

यातून मार्ग काढायला खुरपे पुरते. घेराच्या आत, बुंध्यापासून दूर, वीतभर खोल खणायचे आणि तिथली मूठभर माती दाबून पाहायची. गोळा होऊन हाताला चिकटली तर पाण्याची गरज नाही. गोळा झाला पण बोटाने ढकलताच फुटला, तर माती वाफशावर आहे आणि पाळी एक-दोन दिवसांत द्यायला हरकत नाही. गोळाच बांधला जात नसेल, तर उशीर झालेला आहे. वरची माती कोरडी दिसणे हा पुरावा धरू नये. एप्रिलच्या उन्हात वरचा दोन बोटांचा थर तासाभरात पांढरा पडतो आणि खाली ओल शाबूत असते. दुपारी पाने किंचित मलूल होऊन सूर्यास्तानंतर ताजी होत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. सकाळीही पाने मलूलच असतील, तेव्हा मात्र खुरपे हातात घ्यावे.

किती लिटर?

झाडाने मुळांवाटे ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांतून हवेत जाते. त्यामुळे झाडाची गरज ठरते ती ऊन, वारा, हवेतला कोरडेपणा आणि पानांचा पसारा यांवरून. हवामान केंद्रावर उघड्या पात्रातून दिवसभरात किती पाणी उडाले ते मोजतात. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात आणि मराठवाड्यात मे महिन्यात हे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास जाते, डिसेंबरात ४ मिलिमीटरांपर्यंत उतरते. पात्रातून उडणाऱ्या पाण्याच्या सुमारे निम्मे पाणी मध्यम वाढीचे फळझाड वापरते, असे धरले तर घरगुती हिशेबाला पुरते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तीन मीटर घेराच्या, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीन मीटर पसरलेल्या लिंबाखाली सुमारे ७ चौरस मीटर जमीन येते. मेमध्ये दिवसाला ५ मिलिमीटर या हिशेबाने त्याला रोज ३५ लिटर पाणी लागते. डिसेंबरात २ मिलिमीटर धरले तर १४ लिटर. तेच झाड, तीच जागा, पण गरज अडीच पटीने बदललेली. वर्षभर रोज एक बादली हा नियम हिवाळ्यात थोडा जास्त पडतो आणि उन्हाळ्यात अपुरा.

हे पाणी रोज द्यायचे की एकदम, हे माती ठरवते. एक मीटर खोल काळ्या भारी मातीत झाडाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. वाळूसर, मुरमाड किंवा जांभ्याच्या हलक्या मातीत त्याच्या निम्मेही साठत नाही. मुळांच्या साठ सेंटिमीटर थरातले अर्धे पाणी संपले की पुढची पाळी द्यायची, असे ठरवले तर मे महिन्यात काळ्या मातीतल्या त्या लिंबाला नऊ-दहा दिवसांनी साडेतीनशे लिटरच्या आसपास, आणि मुरमाड जमिनीतल्या लिंबाला चार-पाच दिवसांनी दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी लागेल. हिवाळ्यात काळ्या मातीतली पाळी तीन आठवड्यांपर्यंत लांबते. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्चमध्येच झाडे पाणी मागू लागतात, याचे एक कारण इथेच आहे. जांभा पाणी झटकन खाली सोडतो.

नळीचे पाणी मोजणेही अवघड नाही. पंधरा लिटरची बादली नळीखाली ठेवून घड्याळ लावावे. ती मिनिटात भरत असेल, तर साडेतीनशे लिटरसाठी नळी तेवीस मिनिटे त्या आळ्यात सोडावी लागेल. हा आकडा ऐकून मिनिटभराच्या धारेने फिरणारे बरेच जण चमकतात. पाणी हळू सोडावे, शक्यतो पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. भारी मातीत ते मुरायला वेळ लागतो, तिथे अर्धे आळे भरून थोड्या वेळाने उरलेले भरणे बरे.

नवीन रोपाचा हिशेब निराळा. पिशवीतून काढलेल्या रोपाची सगळी मुळे पिशवीएवढ्याच मातीत असतात. आजूबाजूची माती ओली असली तरी तो गोळा आतून कोरडा पडू शकतो. पहिल्या उन्हाळ्यात अशा रोपाला दोन-तीन दिवसांनी आठ-दहा लिटर पाणी, तेही थेट त्या गोळ्यावर, द्यावे लागते.

ताण देण्याचा ऋतू

फळबागायतदाराला माहीत असलेली आणि परसबागेत बहुधा राहून जाणारी गोष्ट म्हणजे ताण. पाणी तोडल्याने झाडाची पानवाढ थांबते, तयार झालेले अन्न फांद्यांत साठते आणि पुढे पाणी मिळताच झाड नव्या फुटीबरोबर फुलते. पेरू, लिंबू, संत्रे, मोसंबी, डाळिंब या झाडांचे बहार याच तत्त्वावर धरले जातात. जून-जुलैत फुलणारा तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा हस्त बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार. पुरंदर तालुक्यातले अंजीर बागायतदार असेच खट्टा आणि मीठा असे दोन बहार ओळखतात.

परसातला पेरू वर्षभर एक-दोन फळे देत राहतो, ती कधी पिकली ते पाखरांनाच कळते. त्याला मृग बहारावर आणायचे असेल तर एप्रिल आणि मेमध्ये पाणी तोडावे. पाने पिवळी पडून काही गळतील, त्याने धीर सोडू नये. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात. जूनच्या सुरुवातीला आळे चाळून शेणखत घालावे आणि पाऊस आला नाही तर पाणी सुरू करावे. हिवाळ्यात, पेरूला खरी गोडी येण्याच्या दिवसांत, झाड एकदम लगडते. लिंबाच्या बाबतीत उन्हाळ्यात, सरबताच्या दिवसांत, फळ हवे असेल तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी पावसाळ्याच्या उत्तरार्धात ताण पडायला हवा, आणि तो निचऱ्याच्या हलक्या जमिनीतच जमतो.

ताण तोडण्याचीही रीत आहे. तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिले तर आलेली फुले आणि कोवळी फळे गळतात. म्हणून पहिले पाणी हलके, आंबवणीचे. तीन-चार दिवसांनी दुसरे, चिंबवणीचे. त्यानंतर नेहमीच्या पाळ्या. फळे धरल्यावर मात्र पाण्यात खंड पडू देऊ नये. कोरड्या पडलेल्या जमिनीत अचानक भरपूर पाणी मिळाले की फळाचा आतला गर फुगतो, ताठरलेली साल त्याच्या वेगाने ताणली जात नाही आणि डाळिंब किंवा लिंबू तडकते. तीन-चार वर्षांपेक्षा लहान झाडांना ताण देऊ नये, त्यांना अजून शरीर कमवायचे असते.

आंब्याचे गणित सर्वांत जास्त चुकते. पहिली चार-पाच वर्षे कलमाला नियमित पाणी हवेच. पण फळावर आलेल्या आंब्याला पाऊस संपल्यापासून मोहोर येईपर्यंत पाणी देऊ नये. ऑक्टोबर ते डिसेंबरात कोरडी जमीन आणि थंडी मिळाली तर डोळ्यांतून मोहोर फुटतो. त्या दिवसांत हिरवळीच्या निमित्ताने आंब्याखाली रोज पाणी पडत राहिले, तर त्याच डोळ्यांतून पालवी येते. बंगल्यांच्या आवारातले कितीतरी आंबे केवळ शेजारच्या हिरवळीमुळे रिकामे राहतात. फळे वाटाण्याएवढी झाली की मग पाण्याचा उपयोग होतो. तिथपासून ती अंड्याएवढी होईपर्यंत साधारण पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा दीडशे-दोनशे लिटर पाणी मोठ्या झाडाला दिल्यास फळगळ कमी होते, अशी शिफारस दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने केलेली आहे. काढणीच्या महिनाभर आधी पाणी पुन्हा थांबवायचे.

ज्यांना ताण चालत नाही

माड, केळ आणि पपई या तिघांना ताणाचे नावही नको. माडाचा फुलोरा पोयीच्या रूपात बाहेर दिसण्याच्या अडीच वर्षांहून अधिक काळ आधीच खोडाच्या शेंड्यात आकार घेऊ लागतो, आणि फुलोरा उमलल्यापासून नारळ पिकायला आणखी वर्ष लागते. त्यामुळे एका उन्हाळ्यात माड कोरडा पडला, तर त्याचा फटका पुढची दोन-तीन वर्षे नारळांच्या संख्येत दिसत राहतो. यंदा नारळ कमी का आले, याचे उत्तर कधी कधी दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये असते. उन्हाळ्यात मोठ्या माडाला चार दिवसांनी दोनशे लिटर पाणी आळ्यातून द्यावे, ठिबक असेल तर रोज तीस-चाळीस लिटर पुरतात.

केळीचे रुंद पान सर्वांत जास्त पाणी उडवते. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागांत उन्हाळ्यात ठिबकवर प्रत्येक झाडाला रोज वीस लिटर आणि त्याहून अधिक पाणी द्यावे लागते. पपईलाही ओल सतत हवी, पण साचलेले पाणी एक-दोन दिवसही सोसत नाही. बुंध्याशी पाणी राहिले की खोड तळातून सडते. म्हणून पपई नेहमी उंचवट्यावर लावावी. याच्या उलट टोकाला सीताफळ. उन्हाळ्यात पाने गाळून ते पावसाची वाट पाहते. परसात पाणी कमी असेल, तर लावण्याजोगे पहिले झाड तेच.

थेंब, मडके आणि पाचोळा

ठिबक सिंचनाचा उगम एका झाडाच्या निरीक्षणात आहे. १९३०च्या दशकात पाणी-अभियंता सिम्चा ब्लास यांनी गळक्या नळाजवळचे एक झाड भोवतालच्या झाडांपेक्षा कितीतरी मोठे झालेले पाहिले. त्या निरीक्षणातून पुढे इस्राएलमध्ये ठिबकची नळी आकाराला आली आणि १९६५मध्ये हात्झेरिम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, नेटाफिम ही कंपनी उभी राहिली. महाराष्ट्रात जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९८०च्या दशकापासून हे तंत्र द्राक्ष, केळी, डाळिंबाच्या शेतकऱ्यांपर्यंत नेले. आज परसबागेपुरता लहान संच कोणत्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात मिळतो.

घरी ठिबक बसवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. तोटी बुंध्याशीच ठेवली जाते आणि झाड वाढले तरी तोट्यांची संख्या वाढत नाही. पहिल्या वर्षी एक तोटी पुरते. पाचव्या वर्षी घेराच्या कडेने किमान चार तोट्या हव्यात. ताशी चार लिटरच्या चार तोट्या दोन तास चालल्या की ३२ लिटर पाणी पडते, म्हणजे आपल्या लिंबाची मेमधली दिवसाची गरज जवळजवळ भागते. गाळणी आठवड्याला धुवावी आणि महिन्यातून एकदा नळ्यांची टोके उघडून गाळ सोडून द्यावा. क्षारांनी तुंबलेली तोटी बाहेरून शाबूत दिसते आणि झाड आठवडाभर कोरडे राहिल्यावर ते कळते.

विजेची आणि पंपाची गरज नसलेला उपाय म्हणजे मडके. न रंगवलेले, न झिलई दिलेले आठ-दहा लिटरचे मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरून झाकण ठेवायचे. भोवतालची माती जितकी कोरडी, तितके पाणी छिद्रांतून बाहेर झिरपते. माती ओली झाली की झिरपणे मंदावते. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या फान शेंग-चिह यांच्या शेतीग्रंथात पुरलेल्या घड्याची ही पद्धत वर्णन केलेली आहे. झाकण घट्ट असावे, नाहीतर डासांची पैदास होते. दोन-तीन वर्षांत छिद्रे बुजली की मडके बदलावे. महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागात शेतकऱ्यांनी सलाइनच्या रिकाम्या बाटल्या फांद्यांना टांगून नव्या रोपांवर थेंब सोडले आहेत, तेही याच जातीचे काम आहे.

या सर्वांहून स्वस्त म्हणजे आच्छादन. परसातला पाचोळा गोळा करून जाळण्यापेक्षा तोच आळ्यात चार बोटे जाडीने पसरला, तर उन्हाने थेट उडणारे पाणी वाचते, माती थंड राहते, तण कमी येते आणि वर्षभरात पाचोळ्याचे खत होते. देशावर उसाचे पाचट, कोकणात भाताचा पेंढा आणि नारळाची सोडणे सहज मिळतात. सोडण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते, म्हणून माडाच्या आळ्यात सोडणे पुरण्याची पद्धत चांगली आहे. आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नये. तिथे ओल कोंडते आणि वाळवीही लागते.

मोरीचे पाणी, बोअरचे पाणी

जुन्या घरांत मोरीचे पाणी अळू, केळ आणि कर्दळीच्या वाफ्यात जाई. भांडी राखेने आणि शिकेकाईच्या चोथ्याने घासली जात तोवर त्यात फारशी अडचण नव्हती. आजच्या कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. असे पाणी सतत पडत राहिले, तर काळ्या मातीचे कण विस्कटून ती चिकट आणि घट्ट होते, पाणी मुरेनासे होते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आणि आंघोळीचे पाणी झाडांना चालते. वॉशिंग मशीनचे पहिल्या धुण्याचे पाणी मात्र वेगळे काढावे आणि शेवटच्या खळबळण्याचे द्यावे.

आर.ओ. यंत्र एक लिटर पिण्याचे पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देते. मूळ पाणी नगरपालिकेचे असेल, तर हे टाकलेले पाणी झाडांना द्यायला हरकत नसते. मूळ पाणीच खारट बोअरचे असेल तर नको. क्षारयुक्त पाण्याची खूण पानांवर दिसते. पानाचे टोक आणि कडा करपतात, आळ्याच्या मातीवर पांढरा पापुद्रा येतो. अशा वेळी थोडे थोडे पाणी देत राहिल्यास क्षार मुळांपाशीच साठतात. चांगला निचरा असेल तर अधूनमधून भरपूर पाणी देऊन ते खाली धुऊन काढावे लागतात. पावसाळ्यात हे काम आपोआप होते.

त्याच पावसाळ्यात आळ्यांची भूमिका उलटी होते. उन्हाळाभर पाणी अडवणारे वरंबे जूनमध्ये उताराच्या बाजूने फोडावेत, बुंध्याशी मातीची भर द्यावी आणि काळ्या जमिनीत झाडांच्या ओळीलगत हातभर खोल चर काढून पाणी बाहेर न्यावे. पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर कोवळ्या झाडांना ऐन ऑगस्टमध्येही पाणी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

टंचाईच्या वर्षी

२०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि वर्षानुवर्षे सांभाळलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. ज्यांनी बागा वाचवल्या, त्यांनी पीक सोडून झाड धरले. परसातही तोच क्रम ठेवावा. पाणी तुटपुंजे दिसताच लहान फळे काढून टाकावीत, दाट फांद्यांची हलकी छाटणी करावी, आळ्यात जाड आच्छादन घालावे. पांढऱ्या केओलिन मातीची फवारणी केल्यास ऊन परावर्तित होऊन पानांतून उडणारे पाणी कमी होते. केळी आणि पपई वर्षभरात पुन्हा उभ्या करता येतात. दहा-वीस वर्षांचा माड, आंबा, चिकू पुन्हा उभा करता येत नाही. उरलेले पाणी आधी त्यांना.

दोन माड, एक लिंबू, तीन केळी आणि दोन पपया अशा परसाची मे महिन्यातली गरज मांडून पाहण्यासारखी आहे. माडांना दिवसाला सरासरी १०० लिटर, लिंबाला ३५, केळींना साठ-पासष्ट, पपयांना वीस. पेरू ताणावर, आंब्याचे पाणी बंद, सीताफळ झोपलेले. एकूण साधारण २२० लिटर. आच्छादन आणि ठिबक असेल तर हा आकडा आणखी खाली येतो.

आता त्याच घराचे छत. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छतावरचा वीस टक्के पाऊस वाया गेला असे धरले, तरी ५६,००० लिटर पाणी हाती लागते. ते वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडता येते. जागा असेल तर १०,००० लिटरची बंद, अंधारी टाकी सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात भरून ठेवावी. टाकीत उजेड जात नसेल तर शेवाळ धरत नाही, आणि तोंडाला जाळी असेल तर डास होत नाहीत. दिवसाला २२० लिटर या हिशेबाने हे पाणी पंचेचाळीस दिवस पुरते. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचे, नळाला पाणी एक दिवसाआड येते ते दिवसही जवळपास तेवढेच असतात.